‘थांबा, भाव पडणार आहेत’: पुण्यात घर घेणाऱ्याने किती काळ थांबायचे?

पौड रस्त्यावरचा

गेल्या आठवड्यात या चर्चामंचावर एका सभासदाने लिहिले होते, की पुण्यातील सदनिकांचे भाव दोन वर्षांत वीस टक्क्यांनी खाली येणार आहेत, त्यामुळे आज घर घेणारा माणूस बिल्डरच्या मुलांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च उचलतो आहे. अनेकांनी त्याखाली माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही, कारण हेच वाक्य मी २०१७ पासून ऐकतो आहे आणि एकदा त्यावर विसंबून पोळलोही आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये बावधनला एका जुन्या सोसायटीतील दोन बेडरूमची सदनिका ७८ लाखांना जवळजवळ ठरली होती. मुद्रांक शुल्कात त्या डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्के आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सवलत होती. कार्यालयातील एका सहकाऱ्याने सांगितले, की टाळेबंदीत लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, मार्चपर्यंत मालक आपण होऊन सत्तरवर येईल. मी टोकन दिले नाही. मालक काही आला नाही. मीच फेब्रुवारीत त्याच्याकडे गेलो, तेव्हा घर विकले गेले होते. अखेर २०२२ च्या दिवाळीत त्याच सोसायटीत, एक मजला खाली, ९२ लाख मोजले. तोवर सवलत संपली होती, मेट्रोचा एक टक्का अधिभार त्याच एप्रिलपासून सुरू झाला होता आणि कर्ज साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडले. मधल्या दोन वर्षांचे भाडे वेगळेच. बाजाराची वेळ ज्याला साधते त्याने खुशाल साधावी. मला सल्ला देणाऱ्या त्या सहकाऱ्याने मात्र त्याच डिसेंबरात वाकडला घर घेतले, हे मला त्याच्या वास्तुशांतीचे आमंत्रण आले तेव्हा कळले.

हिशेबनीस

ते लेखन माझे होते, तेव्हा उत्तर देणे माझ्याकडे येते. आपली हळहळ समजते, परंतु बावधनच्या एका घरावरून पुण्याचा बाजार ठरत नाही. २०१४ च्या आसपास ज्यांनी घाईने घरे घेतली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना २०२० पर्यंत घातलेली रक्कमसुद्धा पुनर्विक्रीत मिळत नव्हती, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. त्या सहा वर्षांत थांबलेला माणूस शहाणा ठरला.

आता स्वस्त कर्जाचे पाहा. मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, चार टक्क्यांवर होता. माझ्या मेहुण्याने २०२१ मध्ये सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५० लाख उचलले. हप्ता ३८,७६५ रुपये. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला आणि त्याचे कर्ज साडेनऊवर. बँकेने हप्ता तेवढाच ठेवला व मुदत वाढवली. शिल्लक साडेसत्तेचाळीस लाखांवर महिन्याचे व्याजच ३७,६०० च्या पुढे जात होते, म्हणजे हप्त्यातून मुद्दलात जेमतेम अकराशे रुपये. त्याने ‘योग्य वेळी’ घर घेतले होते, बरे का! मी ज्या सदनिकेत २८,००० रुपये भाडे देऊन राहतो, तिची आज एक कोटी दहा लाख किंमत सांगतात. वर्षाचे भाडे किमतीच्या तीन टक्के आणि कर्जाचे व्याज त्याच्या अडीचपटीच्या आसपास, तर मी घाई का करावी? एक शंका विचारतो, राग मानू नये: आपण या व्यवसायात आहात काय?

पौड रस्त्यावरचा

मी तंत्रनिकेतनात शिकवतो. एजंट असतो तर ७८ लाखांचे घर हातचे घालवले असते का? आपल्या मेहुण्याचे घर आज केवढ्याला आहे, तेही लगे हात सांगून टाका, म्हणजे हिशेब पुरा होईल.

हिशेबनीस

७४ ला घेतले होते, शेजारचे गेल्या वर्षी एक कोटी दोनला गेले. त्याने काय सिद्ध होते? त्याला ते विकायचे नाही.

वाघोलीचे अण्णा

तुम्हा दोघांच्या भांडणात घर तयार असते, हे एक गृहीत धरलेले आहे. मी २०१३ मध्ये नकाशा पाहून नोंदणी केली. ताबा डिसेंबर २०१६ ला मिळणार होता, तो २०१९ च्या पावसाळ्यात मिळाला. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा मे २०१७ मध्ये पुरता लागू झाला, तेव्हा वाटले की आता बिल्डर वठणीवर येईल. त्याने प्रकल्पाची नोंदणी करताना नवीच तारीख लिहून दिली आणि जुनी तारीख आमच्या करारात राहिली. ताबा लांबला ती अडीच वर्षांहून अधिक मुदत भाडे आणि व्याज दोन्ही भरले. भाव कधी पडणार हे ओळखण्याची विद्या मला नको. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास तयार असल्याचा सरकारी दाखला, हातात असलेले घर घ्यावे, त्यावर जीएसटीही लागत नाही, इतकेच मी मुलाला सांगितले आहे. तो ऐकत नाही, ही गोष्ट निराळी.

टँकरग्रस्त

अण्णा, भोगवटा प्रमाणपत्र आमच्याकडे आहे, चौकटीत लावून ठेवले आहे. पाणी मात्र नाही. २०२१ मध्ये तेवीस गावे शहरात आली, त्यांतल्या एका गावात आम्ही घर घेतले. विक्री कार्यालयातील मुलाने समावेशाच्या बातमीचे कात्रण दाखवून सांगितले, की आता जलवाहिनी आलीच म्हणून समजा, वाहिनी आल्यावर हा भाव राहणार नाही. आम्हीही वेळ साधली! ११० सदनिका, मे महिन्यात रोज दहा टँकर, टँकरला हजार रुपये; देखभाल खर्चाखेरीज घरामागे महिन्याला सत्तावीसशे. महापालिकेचा पाणीपुरवठा होईपर्यंत पाणी देण्याचे हमीपत्र बिल्डरने दिलेले आहे, परंतु सोसायटी स्थापन झाल्यावर तो फोन उचलत नाही. येथे रेपो दराची चर्चा करणाऱ्या विद्वानांपैकी एकाने तरी घर पाहताना टाकीचे झाकण उघडले होते का?

भीमाकाठचा

ताई, टँकरचे पाणी कोठून येते, हेही एकदा विचारा. माझे गाव दौंड तालुक्यात आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी, होतात. त्यातून शहराने पिऊन उरेल ते कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरला यायचे. दरवर्षी उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, मिळणार की नाही, या चिंतेत आमचा ऊस वाळतो आणि तुमच्याकडे नव्या इमारतीला जलतरण तलाव असतो. शहराजवळच्या गावांत तर विहीरमालकांनी शेती सोडून टँकर भरण्याचा धंदा धरला आहे.

टँकरग्रस्त

दादा, आमचा तलाव चार वर्षे कोरडा आहे, मुले त्यात क्रिकेट खेळतात. तुमच्या उसाला किती पाणी लागते, हे आम्ही विचारायचे नाही काय?

भीमाकाठचा

विचारा की. पण चहात साखर टाकताना विचारा. आणि ज्या गावात तुमचे घर उभे आहे, तेथेही पंधरा-वीस वर्षांपूर्वी शेतीच होती. गुंठ्यांचा भाव ऐकून विकणाऱ्यांत माझे मामाही होते. २००९ मध्ये त्यांना वाटले, याहून वर भाव जाणार नाही. वेळ साधण्याची हौस तुम्हा शहरवाल्यांनाच असते असे नाही.

वाघोलीचे अण्णा

मामांचे वाईट वाटले. पण हा धागा घरांचा आहे, उसाचा नव्हे.

टँकरग्रस्त

अण्णा, पाण्याविना घर म्हणजे गोदाम. विषय अजिबात बदललेला नाही. वेळ साधायचीच असेल तर खरेदीची नव्हे, पाहण्याची साधा. आम्ही ऑगस्टमध्ये घर पाहिले, टाक्या भरून वाहत होत्या, समोरचा ओढाही वाहत होता आणि सासूबाई म्हणाल्या, किती प्रसन्न जागा आहे!

पौड रस्त्यावरचा

हे मात्र पटले. मीही दिवाळीतच पाहिले होते; नशिबाने जुनी सोसायटी निघाली. हिशेबनीस, तुमचेही एक मान्य करतो: मेहुण्यांचे अकराशे रुपये वाचून पोटात गोळा आला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला देण्यास सांगितले, तेव्हा मी हप्ता वाढवून घेतला. तुमचा वीस टक्क्यांचा आकडा कोठून आला, हे मात्र तुम्ही अजून सांगितलेले नाही.

हिशेबनीस

अंदाज होता. अंदाजाला पावती नसते. पंधरा म्हणा हवे तर. आपल्या सर्वांच्या मार्गदर्शनानुसार मी आता मे महिन्यात टाकीचे झाकण उघडीन आणि बिल्डरकडे कोणी फिरकत नाही अशा पितृपक्षात भाव करीन. दरम्यान अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो आहे, मालकाने दहा टक्के वाढ मागितली आहे, ती देऊन टाकतो. समाधान झाले?

टँकरग्रस्त

आमच्या शेजारची दोन बेडरूमची सदनिका विकायची आहे, भाव कमी करायला मालक तयार आहेत. फक्त घर दाखवणार जुलैनंतर, असे म्हणतात.