‘न्याय्य संक्रमण’ की ‘न्याय्य स्थित्यंतर’? आणि ‘भागधारक’चं काय करायचं?

प्रश्नकर्ती:
पोलाद कारखान्यातल्या कामगारांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. कोळशावरची झोतभट्टी बंद करून विजेची भट्टी आणायची तर नियोजन कसं हवं, कामगारांचं आणि भोवतालच्या वस्तीचं काय, असा विषय आहे. ‘जस्ट ट्रान्झिशन’ला, म्हणजे कामगारांवर अन्याय न होता उद्योग बदलण्याला, मसुद्यात ‘न्याय्य संक्रमण’ लिहिलंय, पण ‘संक्रमण’ म्हटलं की लोकांना साथीचा रोग आठवतो. शिवाय ‘स्टेकहोल्डर’साठी, म्हणजे निर्णयाची झळ ज्यांना बसते त्या सगळ्यांसाठी, ‘भागधारक’ आणि ‘इंडस्ट्रियल कम्युनिटी’साठी ‘औद्योगिक वसाहत’ असे शब्द सुचवले गेलेत. दोन्ही मनाला पटत नाहीत. काय लिहावं?

उत्तर:
‘न्याय्य’ला हात लावू नका, तो नेमका आहे. ‘न्यायी’ म्हणजे न्यायाने वागणारा माणूस. ‘न्यायिक’ म्हणजे कोर्टकचेरीशी संबंधित: न्यायिक चौकशी, न्यायिक कोठडी. ‘न्याय्य’ म्हणजे न्यायाला धरून असलेलं. आणि हा शब्द कामगारांना नवा नाही. ‘आमच्या न्याय्य मागण्या’ हे प्रत्येक मोर्चाच्या फलकावर असतं. तोच शब्द पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर दिसला की वाचणाऱ्याला विषय आपला वाटेल.

‘संक्रमण’चा मूळ अर्थ एकीकडून दुसरीकडे ओलांडून जाणं. सूर्याचं संक्रमण, संक्रमणकाळ ही आपली जुनी वापरातली रूपं आहेत. रोगासाठी मराठीत ‘संसर्ग’ आणि ‘लागण’ आहेत, रोगाचं ‘संक्रमण’ हिंदी बातम्यांतून आलं. तरी एकट्या ‘संक्रमण’ने गोंधळ होतो हे खरं. म्हणून शीर्षकात ‘न्याय्य स्थित्यंतर’ घ्या. ‘संक्रमणकाळ’ मात्र टाकून देऊ नका, कारण त्या शब्दाची पुस्तिकेला फार गरज लागणार आहे.

ब्रिटनमध्ये वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याचं उदाहरण घ्या. तिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ला बंद झाली. नवी विजेची भट्टी सुरू करण्याचं उद्दिष्ट २०२७-२८चं. एकूण खर्च १२५ कोटी पौंड, त्यातले ५० कोटी सरकारचे. म्हणजे पैसा आहे, तंत्र आहे, तारीखही आहे, पण मधली काही वर्षं तिथे पोलाद वितळणारच नाही. त्या काळाला नाव हवं, आणि ते ‘संक्रमणकाळ’. घराचे हप्ते, मुलांचं शिक्षण, फाटकाबाहेरच्या दुकानांचा धंदा, सगळं त्याच वर्षांत अडकतं. नियोजनाचा खरा भाग हाच. ‘स्थित्यंतर’ या एका शब्दाखाली तो झाकला जाता कामा नये.

दुसरं उत्तर:
एवढे संस्कृत शब्द कशाला? ‘पुनर्वसन’ म्हणा, सगळ्यांना कळतं.

उत्तर:
कळतं, आणि नको तेच कळतं. पुनर्वसन उठवल्यानंतर होतं. आधी माणूस विस्थापित होतो, मग त्याचं काय करायचं ते ठरतं. इथे क्रम उलटा हवा: आधी ठरवायचं, मग बंद करायचं.

या कल्पनेचा उगमही तेच सांगतो. अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांच्या युनियनचे नेते टोनी मॅझोकी यांनी १९९०च्या दशकात कामगारांसाठी ‘सुपरफंड’ मागितला. १९८०च्या कायद्याने तिथे विषारी जमिनी साफ करायला त्याच नावाची तरतूद झाली होती. मातीसाठी निधी उभा राहतो, तर घातक उद्योग बंद झाल्यावर त्यातल्या माणसांसाठी का नाही, हा त्यांचा मुद्दा. पुढे याच मागणीला ‘जस्ट ट्रान्झिशन’ म्हणू लागले. २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात तो शब्द आला, आणि तिथे तो स्पष्टपणे श्रमिकांच्या संदर्भात आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. शब्द कारखान्यातून करारात गेला, हे पुस्तिकेत जरूर लिहा. हल्ली तो कंपन्यांच्या अहवालांत इतका दिसतो की तो त्यांचाच वाटायला लागतो.

क्रम उलटा झाला की काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या हेझलवूडमध्ये दिसलं. तपकिरी कोळशावरचं ते वीजकेंद्र बंद होणार, हे नोव्हेंबर २०१६मध्ये जाहीर झालं आणि मार्च २०१७च्या अखेरीस ते बंदही झालं. जेमतेम पाच महिने. सुमारे ७५० माणसं, त्यातली ३००च्या आसपास कंत्राटी. त्या भागासाठी सरकारने खास प्राधिकरण नेमलं, पण घोषणेनंतर. त्यातून एक चांगली गोष्ट निघाली: शेजारच्या वीजकेंद्रांतल्या वयस्क कामगारांना लवकर निवृत्ती देऊन रिकाम्या झालेल्या जागी हेझलवूडची माणसं घेण्याची योजना. पुढे तिथे मोठं वीजकेंद्र बंद करायचं तर किमान ३ वर्षं आधी कळवण्याचा नियमही झाला. नियोजनाला वेळ लागतो हे मान्य करणारा नियम.

प्रश्नकर्ती:
‘पुनर्वसन’ बाद. मग ‘भागधारक’?

उत्तर:
भागधारक म्हणजे शेअर असलेला. ‘भागधारकांशी चर्चा करून निर्णय घेऊ’ हे वाक्य कामगाराने वाचलं तर तो म्हणेल, मालकांनी मालकांशी चर्चा केली, आमचा काय संबंध? मूळ इंग्रजी वाक्याला नेमकं उलटं म्हणायचं असतं. ‘हितसंबंधी’ही नको, त्याला स्वार्थाचा वास आहे. ‘संबंधित घटक’ गुळगुळीत आहे. माझं मत विचाराल तर सरळ नावं घ्या: कायम कामगार, कंत्राटी कामगार, युनियन, लहान पुरवठादार, वस्तीतले रहिवासी. वाक्य लांब होईल, होऊ द्या. यादी लिहायला बसलं की कोण सुटलं ते लक्षात येतं. बहुधा कंत्राटी कामगारच सुटलेले असतात.

‘औद्योगिक वसाहत’ तर नकोच. मराठीत त्याचा अर्थ कारखान्यांचे भूखंड. तिथे शेड असतात, माणसं राहत नाहीत. ‘कामगारवस्ती’ किंवा ‘कारखान्यावर जगणारं गाव’ म्हणा.

तिसरं उत्तर:
आणि ‘हरित उद्योग’? मला तो शब्द जाहिरातीतला वाटतो.

उत्तर:
शब्दात दोष नाही, पण एकटा ठेवला की पोकळ वाटतो. काय बदलतंय ते सांगितलं की भरीव होतो. झोतभट्टीत कोक (भट्टीत भाजलेला कोळसा) जाळून खनिजातला ऑक्सिजन काढतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेच्या भट्टीत मुख्यतः भंगार वितळवतात. त्यामुळे कोकभट्ट्या आणि खनिज भाजण्याचा विभाग लागतच नाही, आणि तिथली कामंही उरत नाहीत. ‘जुन्या नोकऱ्यांच्या जागी हरित नोकऱ्या’ हे वाक्य म्हणून अपुरं आहे. किती जागा, कोणत्या कामाच्या, किती पगाराच्या, हे त्याच परिच्छेदात हवं. फिटर आणि इलेक्ट्रिशियनला नव्या भट्टीवर काम मिळेल, कोकभट्टीवरच्या माणसाला वेगळं शिकावं लागेल. दोघांना एकाच वाक्यात धीर देता येत नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगतो, कारण नामांपेक्षा क्रियापदं जास्त घात करतात. मसुद्यात ‘प्रशिक्षण देण्यात येईल’, ‘नोकरीत प्राधान्य देण्यात येईल’, ‘योग्य तो निर्णय घेण्यात येईल’ असं असेल तर प्रत्येक ठिकाणी थांबा. ‘देण्यात येईल’मध्ये देणारा नाही. कर्ता घाला: कंपनी देईल, सरकार देईल. प्रशिक्षणाच्या महिन्यांत पगार चालू राहील की नाही तेही लिहा. पगार बंद असेल तर घर चालवणारा माणूस वर्गात बसूच शकत नाही.

‘प्राधान्य’ आणि ‘सामावून घेणे’ यांत तर जमीनअस्मानाचा फरक आहे. प्राधान्य म्हणजे जागा निघाली तर आधी तुमचा विचार. सेवेत सामावून घेणे म्हणजे नोकरी मिळणार, जुनी सेवा धरली जाणार. कामगारांना हा फरक पाठ असतो. मूळ मजकुरात नुसतं ‘प्राधान्य’ असेल तर भाषांतरात ते गोड करून ‘सामावून घेऊ’ लिहू नका. आणि मूळ हमी पक्की असेल तर ती ‘प्राधान्य’ लिहून पातळ करू नका.

प्रश्नकर्ती:
मसुदा उघडून पाहिला. ‘देण्यात येईल’ जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी मुळातही कर्ता नाही. तिथे काय करू?

उत्तर:
मनाने कर्ता घालू नका. ज्यांनी मजकूर दिला त्यांना विचारा: हे कोण देणार? उत्तर आलं तर लिहा. नाही आलं तर ‘ही जबाबदारी कोणाची ते अजून ठरलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा आणि युनियनच्या लोकांना ते पान आधी दाखवा. त्यांना वाटाघाटीच्या बैठकीत मांडायला तोच मुद्दा लागेल.

तुलनेसाठी स्पेन पाहा. ऑक्टोबर २०१८मध्ये कोळशाच्या खाणी बंद करण्याबाबत सरकार, युनियन आणि खाणमालक यांचा करार झाला. रक्कम २५ कोटी युरो. ४८च्या पुढच्या खाणकामगारांना लवकर निवृत्ती, इतरांना नवं प्रशिक्षण, खाणींच्या जमिनी पूर्ववत करण्याची कामं. बहुतेक खाजगी खाणी वर्षअखेरीस बंद होणार होत्या, करार त्याआधी झाला. ‘न्याय्य स्थित्यंतर’ हा शब्द पुस्तिकेत जिथे जिथे येईल तिथे इतका तपशील शेजारी असू द्या: कोणाचं, कशातून कशाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या पैशाने. जिथे चारही रकाने रिकामे असतील तिथे नुसतं ‘भट्टी बंद करणार’ लिहा.