फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे का?

मोहोळची_सून
नमस्कार. आमची अडीच एकर डाळिंब आहे, हस्त बहार धरलाय. आठवड्याला एक तरी फवारणी असतेच. आमचे हे सकाळी सातला गन घेऊन बागेत शिरतात ते दहाला बाहेर येतात. अंगात जुना फुल शर्ट, तोंडाला सोलापुरी टॉवेल. घरी आले की शर्ट धुण्याच्या दगडावर टाकतात, पिळला तर पांढरट पाणी निघतं. तो मी बाकीच्या कपड्यांतच भिजवत होते, माझ्या दीड वर्षाच्या पोरीची झबलीही त्यातच.

गुरुवारी फुलकिड्यांचं औषध मारलं, बाटलीवर पिवळा त्रिकोण होता. शुक्रवारी माझ्या मनगटांवर पुरळ आलं आणि पोरीच्या मानेवरही. सासूबाई म्हणतात ऑक्टोबरचं ऊन आहे, घामोळं असेल. मला पटत नाही. ह्यांना बोलले तर म्हणतात, वडील जन्मभर असंच मारत आले. हे कपडे धुवायचे कसे? आणि टॉवेलचा खरंच काही उपयोग होतो का?

कासेगावची_काकू
पोरी, घामोळं की औषध, हे इथं बसून कुणाला सांगता येणार नाही. आजच डॉक्टरांना दाखव. जाताना बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ने, लेबलवर घटक आणि उतारा दोन्ही छापलेले असतात.

आता कपडे. आमची द्राक्षबाग आहे, छाटणीनंतर तर पंपाला विसावाच नसतो, म्हणून हे सगळं हातानं शिकलेय. फवारणीचा जोड ठरलेला ठेव. मी आमच्या ह्यांच्या शर्टाच्या कॉलरला लाल दोऱ्यानं फुली घातलीय, चुकून दुसऱ्या ढिगात जात नाही. बादलीही वेगळी, ती दुसऱ्या कशाला घ्यायची नाही. रबरी हातमोजे घातल्याशिवाय शर्टाला हात लावू नको. आधी नुसत्या पाण्यातून दोनदा काढ, मग कडक गरम पाण्यात भरपूर पावडर टाकून धू, आणि पुन्हा एकदा तसंच. नावापुढं ईसी लिहिलेली औषधं तेलकट असतात, गार पाण्याला दाद देत नाहीत. त्याच दिवशी धुवायचं, शिळं राहिलं की निघता निघत नाही. वाळत घालायचं ते उन्हात, पण पोरीच्या कपड्यांच्या दोरीवर नको. शेवटी खळ घाल. पुढच्या वेळी औषध खळीत अडकतं आणि धुताना खळीबरोबर निघून जातं. धुण्याचं पाणी विहिरीकडं किंवा गोठ्याकडं वळू देऊ नको. आणि पाणी न घातलेलं औषध सांडून शर्ट भिजला, तर तो धुवायचाच नाही. टाकून द्यायचा.

टॉवेल तर आजच बंद कर. सुती कापड तुषार पिऊन घेतं, घामानं ओलं होतं आणि तेच औषध तीन तास नाकातोंडाला चिकटून राहतं. आमच्या ह्यांच्या मिशीच्या कडेची कातडी सोलून निघायची. दोन वर्षं आम्ही ते उन्हावर ढकललं. कार्ट्रिजचा, म्हणजे हवा गाळणारी डबी लावलेला मास्क आणला आणि थांबलं. आत वास यायला लागला की कार्ट्रिज बदलायचं, पैशाकडं बघायचं नाही.

बार्शी_कृषी
काकूंनी सगळं बरोबर सांगितलंय. थोडी भर घालतो. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग औषध किती विषारी ते सांगतो, उतरता क्रम लाल, पिवळा, निळा, हिरवा. म्हणजे वहिनी, तुमचं औषध वरून दुसऱ्या पायरीचं, अतिविषारी. फवारताना किंवा नंतर घाम फुटला, लाळ गळायला लागली, उलटी झाली, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि लगेच १०८ ला फोन. दूध पाजू नका, मिठाचं पाणी देऊन ओकायला लावू नका.

दादांना माझं एकच सांगा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेही वर्षानुवर्षं फवारणी करणारेच होते. आणि नोजल अडकलं की तोंडानं फुंकतात का, ते विचारा. फुंकत असतील तर जुना टूथब्रश पंपालाच बांधून ठेवा.

सांगोला_माळरान
तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवा. आम्ही ज्वारीत टू-फोर-डी मारून तोच पंप नुसता विसळून द्राक्षात नेला. आठ दिवसांत कोवळी पानं मिटलेल्या पंख्यासारखी झाली, शिरा सगळ्या एकमेकींजवळ आलेल्या. त्या ओळी अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मोहोळची_सून
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी बाटली वाचूनच मलम लिहून दिलं, म्हणाले औषध कातडीला लागल्याचंच दिसतंय. पोरीची मान आता बरी आहे. काल मी ह्यांचा शर्ट त्यांच्यासमोरच बादलीत काढला. दोन पाणी झाली, तिसरं पाणीही पांढरंच आलं. ते बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी मोहोळला जाऊन मास्क घेऊन आले आणि हातमोज्यांचे दोन जोड, एक माझ्या मापाचा.

काकू, खळ तांदळाच्या पेजेची चालेल का?

कासेगावची_काकू
चालेल की. पातळ कर आणि गाळून घे.