शब्दचर्चा: ‘लोड अ‍ॅव्हरेज’ला मराठीत काय म्हणावं?

कमांड लाइनवरून प्रोसेसरवर नजर कशी ठेवायची, याचं नवशिक्यांसाठी टिपण लिहितोय. ‘सीपीयू युसेज’ला ‘वापर’ लगेच बसला. ‘लोड अ‍ॅव्हरेज’ला मात्र ‘सरासरी भार’ लिहिलं, तर पहिल्याच वाचणाऱ्याने विचारलं, “भार ९ म्हणजे ९ टक्केच ना? मग काळजी कसली?” दुसरा शब्द सुचवा.

---

‘भार’ म्हटलं की वजन डोळ्यांपुढे येतं. ‘अपटाइम’ कमांड दाखवते ते लोडचे तीन आकडे वजन करत नाहीत, डोकी मोजतात. गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांत किती कामं प्रोसेसरवर चालू होती किंवा पाळीची वाट बघत होती, त्याची ही सरासरी, ताज्या क्षणांना झुकतं माप देऊन काढलेली. ४ कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) यंत्रावर ४ म्हणजे साधारण सगळे हात गुंतलेले. १६ कोअरवर तोच ४ म्हणजे निवांत. (म्हणून आधी ‘एनप्रॉक’ चालवून कोअर मोजायला सांगा.) मी सरळ ‘रांग’ म्हणेन. खिडकीपाशी पोचलेला माणूसही रांगेतच धरतात.

---

‘रांग’ आवडला, पण लिनक्सवर तो तोंडघशी पाडतो. एकदा ४ कोअरच्या सर्व्हरवर लोड ९.०४ दिसला. घाईघाईने चालू कामं दाखवणारं ‘टॉप’ उघडलं, तर ‘आयडी’ (रिकामा वेळ) ९६ टक्के. म्हणजे प्रोसेसर जवळजवळ रिकामा! कामांची यादी देणाऱ्या ‘पीएस’मध्ये स्थितीच्या रकान्यात एकाखाली एक ‘डी’ लागलेले. नेटवर्कवरची डिस्क गायब झाली होती आणि नऊ कामं तिच्या नावाने ताटकळत होती. लिनक्स अशा अडकलेल्या कामांनाही लोडमध्ये धरतं. ती प्रोसेसरच्या रांगेत नव्हतीच. ‘खोळंबा’ कसा वाटतो?

---

चालू असलेलं काम खोळंबलेलं कसं म्हणायचं? ‘लोड’ तसाच ठेवा आणि खाली एक ओळ खुलासा द्या. ‘माउस’ला आपण कुठे उंदीर म्हणतो?

माझी तक्रार वेगळीच आहे. जो शब्द ‘लगेच बसला’ म्हणताय, तोच डळमळीत आहे. ‘पीएस’मधला वापर म्हणजे प्रोसेस (चालवलेलं काम) सुरू झाल्यापासून तिने खाल्लेला प्रोसेसरचा वेळ भागिले तिचं वय. ‘टॉप’मधला वापर गेल्या काही सेकंदांचा. त्यामुळे दोन दिवस झोपलेली प्रोसेस आत्ता धुमाकूळ घालत असली, तरी ‘पीएस’ तिला साळसूद ठरवतं. यंत्राची एकूण आकडेवारी देणाऱ्या ‘व्हीएमस्टॅट’ची पहिली ओळ तर यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी, ती सोडून पुढच्या ओळी वाचायच्या. शिवाय ‘टॉप’मध्ये १०० टक्के म्हणजे एक कोअर, म्हणून एकाच प्रोसेसपुढे ३८० दिसलं तर आकडा चुकलेला नसतो. शिफ्ट धरून ‘आय’ दाबलं की तोच आकडा सगळ्या कोअरमध्ये विभागून दिसतो.

---

पटलं. ‘लोड’ राहू देतो आणि ‘वापर’ येईल तिथे तो किती काळाचा, हेही लिहितो. प्रोसेसचा अग्रक्रम ठरवणाऱ्या ‘नाइस’चं काय करू? ‘सौजन्य’ लिहिलं होतं, पण हसू आलं.

---

‘नमतं घेणं’. आकडा −२० ते १९; जितका मोठा, तितकं ते काम इतरांना आधी जाऊ देतं. आणि ‘स्टील’ला (steal) बिनधास्त ‘चोरी’ लिहा. आभासी यंत्राला काम करायचं असतं आणि हायपरव्हायझर (आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) प्रोसेसरचा तो वेळ दुसऱ्यालाच देऊन टाकतो. ज्याचा वेळ गेला, त्याला हाच शब्द सुचेल.