ग्वाटेमाला : श्रेय कुणाचं?

वर कुणीतरी लिहिलंय की मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात बर्नार्दो आरेवालो केवळ अमेरिकेच्या दबावामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या गादीवर बसले. दबाव होता, नाकारत नाही. पण सगळं श्रेय वॉशिंग्टनला देणं मला पटत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये आरेवालो निवडणूक जिंकल्यावर महाधिवक्ता (तिथल्या फौजदारी तपास आणि खटले चालवणाऱ्या खात्याच्या प्रमुख) कन्सुएलो पोर्रास यांच्या खात्याने निकालाचाच पिच्छा पुरवला. त्यांच्या पक्षाची नोंदणी न्यायालयाकडून निलंबित करवून घेतली, मतपेट्यांवर छापे घातले. तेव्हा रस्त्यावर उतरले ते आदिवासी माया समाजाचे लोक. तोतोनिकापान भागातल्या '४८ कँटन' या माया गावांच्या पारंपरिक संघटनेच्या पंचांनी २ ऑक्टोबरपासून महामार्ग अडवले आणि पोर्रास यांच्या कार्यालयासमोर ठिय्या दिला, तो शंभराहून जास्त दिवस चालला. या पंचांना पगार नसतो, गावकीची सेवा म्हणून ते काम करतात. राजधानीतल्या पक्षांकडे असली ताकद कुठून येणार? (आरेवालोंच्या पक्षाचे तर संसदेत १६० पैकी २३च खासदार निवडून आले होते.)

शपथविधीही १४ जानेवारी २०२४ ला व्हायचा होता, तो रखडत रखडत मध्यरात्र उलटल्यावर झाला.

आता पुढचं बघा. पोर्रास पदावरच राहिल्या, कारण फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष महाधिवक्त्याला काढू शकत नाहीत. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच आंदोलनाचे नेते लुईस पाचेको यांना दहशतवादाच्या आरोपाखाली अटक झाली. तेव्हा ते आरेवालो सरकारात उपमंत्री होते! ज्यांनी सरकार वाचवलं त्यांना सरकार वाचवू शकलं नाही, यावर इथे चर्चा व्हायला हवी.