‘हावभाव’ की ‘मुखभाव’?

शहापूरकर: कर्णबधिर मुलांच्या पालकांसाठी कन्नडमध्ये लिहिलेल्या एका पुस्तिकेचा मी मराठी अनुवाद करीत आहे. हाताची खूण तीच ठेवून भुवया उंचावल्या की साध्या विधानाचा ‘हो की नाही’ असा प्रश्न होतो, हे सांगताना मूळ लेखात ‘मुखभाव’ हा शब्द वारंवार येतो. मी ‘हावभाव’ लिहिले होते. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडले. हावभावांत हातवारेही येतात आणि येथे तर हात व चेहरा वेगळे दाखवायचे आहेत, असे त्यांचे म्हणणे. ‘मुखभाव’ तसाच ठेवला तर कानडी वाटेल का?

निपाणीकर: बाईंचा निर्णय योग्य आहे, कारण मात्र वेगळे. नाट्यशास्त्रात भाव, हाव आणि हेला हे स्त्रियांचे अंगज अलंकार म्हणून सांगितले आहेत. ‘हाव’ हा शृंगारातला शब्द आहे; पालकांच्या पुस्तिकेत तो शोभत नाही.

खानापूरकर: मग ‘चेहरा’ही फारसी म्हणून टाकणार का? नाक मुरडणे, तोंड पाडणे, डोळे वटारणे, कपाळाला आठ्या घालणे अशी एकेका हालचालीची नावे आमच्या आजीच्या बोलण्यात होती. या सगळ्यांना मिळून एक नाव लागते, असे तिला कधी वाटले नाही.

निपाणीकर: आजींचे ‘तोंड’ मुळात कानडीच असावे. कन्नडमध्ये तोंडल्याला ‘तोंडे’ म्हणतात आणि ओठांना पिकल्या तोंडल्याची उपमा देतात.

टिळकवाडीकर: संस्कृतात ‘तुण्ड’ असताना भाजीच्या टोपलीत कशाला शोधावे? ‘मुखभाव’ही दोन्ही बाजूंनी संस्कृतच आहे, शेजाऱ्याने आधी वापरला म्हणून तो परका होत नाही. कन्नडकडून घ्यायचाच असेल तर ‘मुगुळ्नगे’ घ्यावा. मुगुळ म्हणजे कळी, नगे म्हणजे हसू. आपल्याकडे त्याला ‘स्मित’ आहे, पण तो घरात कोणी उच्चारत नाही.

खानापूरकर: आम्ही ‘गालातल्या गालात हसणे’ म्हणतो, आणि त्यात जो किंचित खट्याळपणा आहे तो कळीत नाही.

शहापूरकर: हसण्याचे प्रकरण पुढच्या पानावर आहे. मला चित्राखालच्या लहान चौकटीत मावेल असा शब्द सोमवारपर्यंत हवा आहे. ‘चेहऱ्यावरचे भाव’ तेथे बसत नाही.

निपाणीकर: ‘मुखमुद्रा’ लिहा. मात्र ती स्थिर वाटते, भुवई हलल्याचे तिच्यातून कळत नाही. आणि टिळकवाडीकर, ‘तुण्ड’ म्हणजे आधी चोच किंवा सोंड. माणसाच्या तोंडापर्यंत तो कसा आला, तेवढे सांगावे.