क्रेन एकच, कामं १२०: कालावधी एका आकड्याखाली जात नाही

प्रश्न
बांधकामाच्या १२० कामांचं वेळापत्रक प्रोग्रॅमने बनवतोय. टॉवर क्रेन एकच. सुतार, फिटर, गवंडीही मोजकेच. पॅरलल पद्धत लिहिली आहे: घड्याळ पुढे सरकवायचं आणि त्या दिवशी सुरू होऊ शकणाऱ्या कामांपैकी ज्याची लेटेस्ट फिनिश (काम संपवण्याची शेवटची मुदत) सर्वांत आधी, ते लावायचं. प्राधान्यक्रम हलवून २,००० वेळा चालवलं, कालावधी तिथेच अडकतो. जेनेटिक अल्गोरिदम (चांगल्या याद्यांपासून नव्या याद्या घडवत जाणारी शोधपद्धत) लावला तर क्रॉसओव्हरनंतर, म्हणजे दोन याद्या मिसळल्यावर, स्लॅब शटरिंगच्या आधी येतो. चुकतंय कुठे?

उत्तर १
नियम ठीक आहे, अडकलंय ते पॅरललमुळे. ही पद्धत क्रेन रिकामी दिसली की हाताशी असलेलं काम तिला देतेच, वाट पाहत नाही.

छोटं उदाहरण घ्या. 'अ'ला क्रेन ५ दिवस हवी, ते आजच सुरू होऊ शकतं. 'प' १ दिवसाचं, बिनक्रेनचं. त्यानंतर 'ब' (क्रेन, २ दिवस) आणि मग 'क' (१० दिवस, बिनक्रेन). पॅरलल 'अ' लगेच लावते, 'ब' पाचव्या दिवसाअखेरपर्यंत खोळंबतं, एकूण १७ दिवस. क्रेन एक दिवस मोकळी ठेवली तर १३. प्राधान्य कितीही बदला, पॅरललला १३ सापडणारच नाहीत.

सीरियल पद्धत वापरा: यादीतलं एकेक काम उचलून शक्य तितक्या लवकरच्या जागी बसवायचं. इथे इष्टतम (सर्वांत कमी कालावधीचं) वेळापत्रक देणारी एक तरी यादी नक्की असते. मात्र मोठ्या प्रकल्पात थोड्याच फेऱ्या परवडत असतील, तर पॅरललच बहुधा बरी ठरते. ती फेकून देऊ नका.

उत्तर २
क्रॉसओव्हरचं: आईच्या यादीतली पहिली 'क्ष' कामं जशीच्या तशी घ्या, उरलेली बापाच्या यादीतल्या क्रमाने. दोन्ही याद्या वैध असल्या (आधीचं काम आधीच येत असलं) की मूलही वैधच. म्युटेशनमध्ये (यादीतल्या छोट्या बदलात) शेजारची दोन कामं बदला, पण त्यांच्यात अवलंबित्व नसेल तरच.

मुलाचं वेळापत्रक झालं की सर्वांत शेवटी संपणाऱ्यापासून एकेक काम जमेल तितकं उजवीकडे सरकवा, मग सर्वांत आधी सुरू होणाऱ्यापासून पुन्हा डावीकडे. कालावधी वाढत नाही, अनेकदा घटतो. दोन पद्धतींची तुलना करताना मात्र ही ३ वेळापत्रकं धरा: मूळ, उजवीकडचं, डावीकडचं.

उत्तर ३
आधी खालची मर्यादा काढा, म्हणजे ज्याहून कमी कालावधी शक्यच नाही तो आकडा. क्रिटिकल पाथची (एकमेकांवर अवलंबून कामांच्या सर्वांत लांब साखळीची) लांबी एकीकडे. दुसरीकडे प्रत्येक संसाधनासाठी (दिवस × गरज) यांची बेरीज भागिले उपलब्धता. यांतला मोठा आकडा घ्या. तुमचा कालावधी तिथे पोचला असेल तर शोध थांबवा. कोड तपासायला पीएसपीएलआयबीचा (अशा वेळापत्रकांच्या चाचणी-उदाहरणांच्या संग्रहाचा) जे३० संच घ्या: ४८० उदाहरणं, सगळ्यांची इष्टतम उत्तरं उपलब्ध. त्याहून कमी कालावधी आला तर क्षमतेची किंवा अवलंबित्वाची तपासणी कुठेतरी सुटली आहे.