सदाफुली की सदाबहार? कॉलनीच्या पाटीवर काय लिहायचं?

कूलरवाला
आमच्या कॉलनीच्या बागेत झाडांना नावाच्या पाट्या लागताहेत. कडुलिंब, कण्हेर, जास्वंद बिनविरोध निवडून आले. भांडण पेटलं ते कुंपणालगतच्या सदाफुलीवरून. सेक्रेटरी काका म्हणतात, 'सदाबहार' लिहा, सगळ्यांना कळतं. नर्सरीवाल्यानं तर बिलावर 'विंका' लिहून दिलंय.
माझं मत स्पष्ट आहे. पाटी मराठी, तर नाव सदाफुली. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो, आमचे गुलाब करपून जातात, आणि ही बाई सिमेंटच्या भेगेतून उगवून गुलाबी हसत असते. सदाबहार म्हणजे हिंदीत सदाहरित. सदाबहार वन म्हणतात ना, तसं. हिरवा तर निवडुंगही राहतो!

बर्डीची_सून
नाही पटलं. माझं माहेर जबलपूरचं, तिथं हिला सदाबहारच म्हणतात. बहार म्हणजे मुळात फारसीत वसंत, नुसता हिरवेपणा नव्हे. आणि नागपूरच्या मराठीला हिंदीचा विटाळ कधीपासून? १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. 'सदाबहार गाणी' तुम्ही मराठीत बोलतानाही म्हणताच की.

संत्राबाग_काटोल
बहाराचा विषय निघाला म्हनून बोलतो. आमाले बहार पुस्तकातून शिकावा लागत नाही. संत्र्याचे दोन बहार, आंबिया अन् मृग. मृग पाहिजे असन तर उन्हाळ्यात झाडाचं पानी तोडतो, ताणावर सोडतो. पानं मलूल होतात, पाहवत नाही. मंग पाऊस लागला का सारं झाड पांढरं होते, वासानं डोकं भनभनते. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत. ताण नीट नाही बसला तर त्या वर्षी बोंबला. असा बहार आमाले माहीत. वाट पाहून, झाड तहानलेलं ठेवून आनलेला. बारा महिने फुलते त्याले बहार कोन म्हनंल? सदाफुली बरोबर आहे.

बर्डीची_सून
दादा, तुमच्याच हिशेबानं बहार म्हणजे फुलणं. मग सदाबहार म्हणजे सदा फुलणारी. झालं की माझं म्हणणं सिद्ध!

संत्राबाग_काटोल
घ्या. आता मीच सापडलो.

गोळ्या_औषधं
'विंका'ला इतकं हसू नका. मी औषधांच्या दुकानात बसते. विनक्रिस्टिन, विनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं याच झाडातून आली. १९५८ मध्ये कॅनडात नोबल आणि बीअर यांनी विनब्लास्टिन वेगळं केलं. शोधत होते खरं तर मधुमेहावरचं काही. औषधांच्या नावात विंका कायमची बसली आहे, पाटीवर बसली तर काय बिघडलं? (साखरेसाठी हिची पानं चावणाऱ्यांनी मात्र हे वाचून थांबावं. पानं विषारी असतात.)

पानोपानी
बिघडलं असं की ते नाव शास्त्रज्ञांनीच टाकून दिलंय. लिनिअसनं १७५९ मध्ये हिला विंका रोझिया म्हटलं, पण १८३७ मध्ये जॉर्ज डॉननं ती कॅथरँथस या वेगळ्या प्रजातीत नेली. खरी विंका युरोपातली, जमिनीवर सरपटणारी, बहुतेक निळी-जांभळी. नर्सरीवाला शास्त्रीय म्हणून जे विकतो ते जवळपास दोनशे वर्षांपूर्वी बाद झालेलं नाव आहे. आणि मराठी-हिंदीच्या भांडणात हेही असू द्या की झाड मूळचं मादागास्करचं. आपल्यापैकी कोणाचंच नाही.

कूलरवाला
मूळ कुठलंही असो, बोलण्यात फरक पडतोच. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, कायम हसतमुख. त्यांना सगळे लाडानं सदाफुली म्हणतात. सदाबहार म्हणून पाहा बरं! वय लपवते असा टोमणा ऐकू येईल त्यांना.

बर्डीची_सून
हे मात्र मान्य. माणसाला सदाफुली, झाडाला सदाबहार. तोडगा निघाला.

कूलरवाला
उलटा तोडगा! चालणार नाही. पेंटर उद्या सकाळी येतोय आणि अक्षरागणिक पैसे घेतो. सदाफुली चार अक्षरं, सदाबहार पाच. हे मी काकांना आजच सांगतो.

गोळ्या_औषधं
विंका दोन.